मानवतावादी मंडळाची मासिक बैठक कशी बसवावी: कोकणातल्या तालुक्याच्या गावासाठी

मानवतावादी मंडळ म्हणजे परलोकाच्या भीतीवर नव्हे तर पुराव्यावर आणि माणसाच्या प्रतिष्ठेवर विश्वास ठेवून एकत्र बसणारी माणसं. अशी मंडळं सुरू करणाऱ्यांकडून, दापोली, गुहागर, लांजा, देवगड अशा ठिकाणांहून, गेली काही वर्षं मला सारखी एकच तक्रार ऐकू येते. ‘पहिल्या बैठकीला खुर्च्या कमी पडल्या आणि चौथ्या बैठकीला आम्ही तिघंच उरलो. काय चुकलं?’ विचारणारी माणसं तळमळीने काम करणारी असतात, म्हणून ऐकून जीव हळहळतो. खोलात गेलं की चूक बहुतेक वेळा एकच सापडते. क्रम उलटा झालेला असतो. आधी मुंबई-पुण्याचा वक्ता ठरतो, मग हॉल, मग बॅनर, आणि सगळ्यात शेवटी गावातली माणसं शोधायची. ती ऐकायला आलेली असतात. ऐकून झालं की निघून जातात.

मी नर्स होते. निवृत्तीनंतर चिपळूणजवळ अशी बैठक सुरू करण्यात माझा हात होता आणि वर सांगितलेल्या सगळ्या चुका आम्हीही केल्या. खाली क्रमाने लिहिते आहे. कृपा करून क्रम बदलू नका. एकेक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका.

## १. आधी सात माणसं, तीही घरी जाऊन

जाहिरात नको, ग्रुप नको, फोनही नको. ज्यांना अशा बैठकीची गरज असेल असं वाटतं, त्यांच्या घरी जायचं, ओटीवर बसायचं आणि विचारायचं. कोणाकडे जायचं? निवृत्त शिक्षक पटकन आठवतात, पण तिथेच थांबू नका. जातीबाहेर लग्न केलेलं जोडपं, अंगणवाडी सेविका, आईच्या तेराव्यावरून भावाशी वाकडं आलेली बहीण, शहरातून परत आलेला नि गावात कोणाशी मोकळं बोलता येत नाही म्हणून घुसमटणारा मुलगा, रात्रपाळीचा एसटी कंडक्टर. अशी माणसं प्रत्येक गावात असतात, फक्त एकमेकांना ठाऊक नसतात.

प्रश्न कोणता विचारायचा, यावर सगळं अवलंबून आहे. ‘तुम्ही देव मानता का?’ हा प्रश्न विचारलात की माणूस परीक्षेला बसल्यासारखा आवळून जातो. त्याऐवजी विचारा: ‘महिन्यातून एकदा मोकळेपणी बोलायला माणसं भेटली, तर तुम्हाला कशाबद्दल बोलायला आवडेल?’ उत्तर वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवा. आमच्या वहीतलं पहिलं उत्तर एका बाईंचं आहे: ‘माझ्यामागे माझे विधी करू नका, हे मुलांना कसं सांगू?’ पुढची दोन वर्षं आमच्या बैठकांना विषय या वहीने पुरवले.

कोकणात इथे एक खास अडचण आहे. आपली वस्ती वाड्यांनी विभागलेली, आणि वाड्या जातींनी. बौद्धवाडी, मराठवाडी, ब्राह्मणआळी, कोळीवाडा, मोहल्ला. ओळखीच्या माणसांकडेच गेलात तर सातही जण नकळत एकाच वाडीचे भरतात. मग तुम्ही काहीही म्हणा, गावाच्या लेखी ते त्या वाडीचं मंडळ ठरतं आणि दुसऱ्या वाडीचा माणूस पायरी चढत नाही.

तपासा. सात नावांत निदान तीन वाड्या आहेत का? निदान दोन स्त्रिया आहेत का, आणि त्या नवऱ्याबरोबर नव्हे तर स्वतःसाठी येणार आहेत का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ नसेल तर आणखी महिनाभर फिरा. हा महिना वाया जात नाही.

## २. एका पानाचं निवेदन

सात जणांनी कोणाच्या तरी पडवीत बसून एक पान लिहायचं: आपण कोण, काय करणार, काय करणार नाही. लिहून ठेवलं नाही तर तिसऱ्याच महिन्यात कोणी याला पक्ष समजतो, कोणी योगवर्ग, कोणी नास्तिकांचा अड्डा.

जागतिक मानवतावादी चळवळीचा ‘ॲमस्टरडॅम जाहीरनामा’ १९५२ सालचा आहे. २००२ आणि २०२२ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. त्याचं सार आपल्या भाषेत असं होतं: चांगलं वागायला परलोकाची भीती किंवा लालूच लागत नाही, खरंखोटं पुराव्याने ठरवायचं आणि नवा पुरावा आला की मत बदलायचं, प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा सारखी. आणि हे परक्याचं खूळ आहे असं कोणी म्हणालं, तर राज्यघटनेचं कलम ५१-क वाचून दाखवा. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी वाढवणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून तिथे लिहिलेलं आहे.

आमच्या पानावरच्या ओळी अशा आहेत. हव्या तर उचला:

‘ही बैठक कोणत्याही जातीची, धर्माची, पक्षाची नाही. देव मानणारे आणि न मानणारे दोघेही येऊ शकतात. इथे कोणाच्या श्रद्धेची टिंगल होणार नाही आणि कोणताही दावा प्रश्नाशिवाय स्वीकारला जाणार नाही. इथे ऐकलेली घरगुती गोष्ट बाहेर जाणार नाही.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. लहान गावात गजाली वाऱ्यासारख्या पसरतात. एखादीने सासरची व्यथा सांगितली आणि ती बुधवारच्या बाजारात पोचली, तर ती बाई पुन्हा कधी येणार नाही, आणि तिच्या ओळखीची कोणीही येणार नाही.

शिमग्याचाही विचार इथेच करून ठेवा. पालखी प्रत्येक घरी येते. सदस्याने ओवाळावं की नाही, नाचवावी की नाही, वर्गणी द्यावी की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बैठकीत कोणी कोणाला त्याचा जाब विचारायचा नाही. मी स्वतः ओवाळत नाही, पण अंगणात आलेल्या माणसांना सरबत देते. ती माझी शेजारची माणसं आहेत.

सावधान. देवस्थान, मानकरी, गुरव, कौल यांची खिल्ली उडवणारं एक वाक्य वर्षभराचं काम बुडवतं. बुद्धिपुरस्सर धार्मिक भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे, हे खरंच. पण कायद्याच्या आधीचं कारण साधं आहे: ज्या म्हातारीने दुखण्यात गाऱ्हाणं घातलं, तिच्याजवळ त्या वेळी दुसरं काही नव्हतं.

## ३. जागा

जागा अशी हवी की कोणाचाही पाय अडखळू नये. म्हणजे देवळाचा सभामंडप नको, एका समाजाचं सभागृह नको, पक्षाचं कार्यालय नको. कोणाचं घरही कायमचं नको, कारण घरमालकीण दर महिन्याला चहा-पोह्यांत अडकते आणि तिला चर्चेत बसता येत नाही. वाचनालयाची खोली सर्वांत उत्तम. ती नसेल तर रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह. परवानगी लेखी घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

जागा बघायला जाल ती पावसात जा. आमची पहिली जागा डिसेंबरात ठरली होती, छान वाटली. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला तेव्हा शेजारच्या माणसाचंही ऐकू येईना. एक आजोबा कानाला हात लावून दोन तास नुसते बसून राहिले. पुढच्या महिन्यात आम्ही कौलारू वर्गात गेलो.

तपासा. एसटी स्टँडपासून चालत किती मिनिटं? शेवटची गाडी किती वाजता? स्त्रियांसाठी स्वच्छ, कडी लागणारं शौचालय आहे का? गुडघे दुखणाऱ्याला पायऱ्या चढता येतील का? वीज गेली तर उजेड येणारी खिडकी आहे का?

आणि दुसरी जागा आधीच बोलून ठेवा. एकदा आम्ही सगळे दाराशी उभे आणि कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की ‘ही देव बुडवणारी माणसं आहेत’. आम्ही वाद घातला नाही. एका सदस्याच्या खळ्यात जाऊन बसलो आणि बैठक अर्धा तास उशिरा का होईना, झाली. आठवड्याने मी त्यांच्याकडे ते एक पान घेऊन गेले. वाचून त्यांनी किल्ली दिली.

## ४. वार, वेळ आणि वर्षाचा अंदाज

महिन्याचा एक वार पक्का करा आणि तो कधीही हलवू नका. आमचा दुसरा रविवार, दुपारी साडेतीन ते साडेपाच. जेवणं उरकलेली असतात, आणि वाडीवर जाणारी संध्याकाळची गाडी मिळते. बाजाराचा वार टाळा.

‘या महिन्यात पाऊस फार आहे, पुढच्या महिन्यात घेऊ’ हे वाक्य बैठकीचा घात करतं. एक बैठक रद्द झाली की माणसाला तारखेची खात्री उरत नाही, मग तो विचारायचाही थांबतो. चार जण आले तरी बसायचं, इतिवृत्त लिहायचं आणि वेळेवर उठायचं. फक्त पुराचा इशारा असेल तर माणसांना घराबाहेर बोलावू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं ते पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तशा महिन्यात फोनवर प्रत्येकाची विचारपूस करायची. तीच त्या महिन्याची बैठक.

वार न हलवता विषय मात्र हंगामाप्रमाणे ठेवावा लागतो. जून-जुलैत लावणी असते, शेतकरी सदस्य चिखलातून येणार किंवा येणारच नाहीत. तेव्हा छोटा विषय घ्या. कोळीवाड्यात नेमकं उलटं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, माणसं घरी. नव्या माणसांना भेटायला याच्याइतका चांगला काळ नाही. गणपती आणि शिमग्याच्या आधीचा आठवडा सोडून द्या. बागायतदार एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांतून डोकं वर काढत नाहीत. मे महिन्यात चाकरमानी गावी असतात. तेव्हा मुलांसाठी आकाशदर्शन किंवा प्रयोगांची बैठक ठेवा, घरचे मोठे आपोआप मागे येतात.

## ५. बोलावणं

बैठकीच्या आधीच्या गुरुवारी प्रत्येकाला एक फोन. दोघा-तिघांनी नावं वाटून घ्यायची. व्हॉट्सॲपचा ग्रुप करायचाच असेल तर फक्त सूचना देण्यापुरता, ज्यात ॲडमिनशिवाय कोणी लिहू शकणार नाही असा. खुल्या ग्रुपवर पंधरा दिवसांत कोणीतरी राजकीय व्हिडिओ टाकतो, दुसरा चिडतो, आणि समोरासमोर गोडीने बोलणारी दोन माणसं रविवारी येईनाशी होतात.

वाचनालयात आणि चहाच्या टपरीवर हाताने लिहिलेला कागद लावा. त्यावर वार, वेळ, जागा, विषय आणि ‘कोणीही यावे’ एवढंच.

सावधान. बैठकीचे फोटो कोणाच्याही संमतीशिवाय काढू नका आणि टाकू तर नकाच. तुमच्यासाठी तो आनंदाचा फोटो असतो. सासरी न सांगता आलेल्या सुनेसाठी किंवा गावकीच्या नजरेत असलेल्या माणसासाठी तो पुरावा ठरतो.

## ६. बैठकीचे दोन तास

हा टप्पा नीट वाचा. बैठका मोडतात त्या इथेच.

खुर्च्यांच्या रांगा आणि समोर टेबल मांडलंत की सभा होते. चटया किंवा बाकं गोल मांडा, कोणाच्याही मागे कोणी बसणार नाही अशी. दर महिन्याला संचालक वेगळा. घड्याळ बघणारा वेगळा, आणि त्याने हात वर केला की बोलणाऱ्याने वाक्य पुरं करून थांबायचं, मग तो कितीही मोठा विद्वान असो.

पहिली पंधरा मिनिटं हालहवालाची. प्रत्येकाने नाव सांगायचं आणि महिन्यात काय घडलं ते दोन वाक्यांत. ‘म्हैस व्याली’, ‘मुलाची नोकरी गेली’, ‘बरं नव्हतं’. नव्या माणसांना हे वेळकाढू वाटतं, म्हणून पुष्कळ मंडळं हा भाग गाळतात. गाळू नका. यातूनच कळतं की कोणाला मदत हवी आहे.

मग विषयाची मांडणी, वीस मिनिटं, वर एकही नाही. मांडणारा आपल्यातलाच. बाहेरचा वक्ता वर्षातून एकदोनदा पुरे, आणि त्यालाही गोलातच बसवा.

मग चहा. चहा शेवटी ठेवण्याची पद्धत आहे ती मोडा. शेवटी ठेवला की माणसं गाडीच्या घाईत कप ठेवून पळतात. मध्ये ठेवला की जी बाई सगळ्यांसमोर बोलत नाही ती शेजारणीजवळ बोलते, आणि शेजारीण मग म्हणते, ‘हिचं म्हणणं ऐका बघू’. दहा मिनिटं. कपबशा पुरुषांनी धुवायच्या, हा आमचा नियम आहे आणि तो पहिल्या बैठकीपासून पाळला जातो.

त्यानंतर पाऊण तास चर्चा. इथे आम्ही एक साधी युक्ती करतो. मधोमध नारळाची करवंटी ठेवतो. प्रत्येकाच्या हातात दोन आठळ्या, फणसाच्या वाळवलेल्या. एकदा बोललात की एक आठळी करवंटीत टाकायची. दोन्ही टाकून झाल्या की इतरांच्या संपेपर्यंत गप्प बसायचं. आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक पहिल्या दिवशी दहा मिनिटांत दोन्ही टाकून बसले. नंतरची पस्तीस मिनिटं ते ऐकत होते. एक तरणी पोर, मच्छी विकणारी, आठळी बोटांत फिरवत बसली होती. सगळ्यात शेवटी तिने ती टाकली आणि म्हणाली, ‘आमच्यात बाईला पाळीत होडीला हात लावू देत नाहीत, पण पैशाला हात लावलेला चालतो.’ त्या वाक्यावर पुढची अख्खी बैठक झाली. आठळ्या नसत्या तर ते वाक्य आम्हाला कधी ऐकूच आलं नसतं.

शेवटची पंचवीस-तीस मिनिटं कामांची: कोणाला काय मदत, कोण करणार, कधीपर्यंत. नाव आणि तारीख वहीत लिहायची. साडेपाचला उठायचं.

### विषय कसा निवडायचा

पहिले सहा महिने ‘देव आहे का?’ हा विषय घेऊ नका. त्यावर बोलणारे तयार असतात, ऐकणारे कंटाळतात, आणि माणूस जिथे होता तिथेच राहतो. ज्या प्रश्नाचं उत्तर उद्या घरात वापरायचं आहे तो आधी घ्या.

जूनमध्ये सर्पदंशाचा विषय घ्या. लावणीच्या दिवसांत फुरसं आणि घोणस हाताला-पायाला डसतात. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून आवळायचं नाही. चावलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि माणसाला चालवत न्यायचं नाही. थेट रुग्णालय, कारण प्रतिसर्पविष हाच उपाय. आपल्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात ते ठेवलेलं असतं हे कोणीतरी आधी जाऊन विचारून यायचं आणि बैठकीत सांगायचं. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा म्हणून नोंदलेलं आहे, हेही त्याच वेळी सांगा.

मग लग्नातला मानपान, म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा कोण करणार, मुलीच्या नावावर जमीन, राजापूरजवळच्या उन्हाळे गावातली गंगा, म्हणजे मधूनच वाहू लागणारे नि आटणारे झरे, का येते नि का जाते. शेवटचा विषय आमच्याकडे फार रंगला, कारण जमिनीखालच्या पाण्याचा सायफन होत असावा ही मांडणी आम्ही बादली आणि रबरी नळी घेऊन करून पाहिली. गंगेवर श्रद्धा असलेल्या एक आजी सगळ्यात पुढे वाकून बघत होत्या.

तपासा. बैठक संपल्यावर मोजा: किती जण बोलले आणि किती जण एकदाही बोलले नाहीत? न बोललेले निम्म्याहून जास्त असतील तर पुढच्या वेळी मांडणी दहा मिनिटांची करा.

## ७. अडीनडीची वही

माणूस देवळात, मशिदीत, विहारात फक्त तत्त्वासाठी जात नाही. घरात कोणी गेलं की चार माणसं येतात, लाकडं आणतात, स्वयंपाक करतात. ते आपल्या मंडळाकडून मिळणार नसेल, तर कितीही पटलं तरी माणूस आपल्याकडे राहणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून तिसऱ्या बैठकीपर्यंत एक वही तयार हवी. रक्तगट. कोणाकडे रात्री निघू शकेल अशी गाडी आहे. रुग्णालयात रात्री कोण थांबू शकतं. कचेरीतले अर्ज कोणाला जमतात. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्नासाठी विशेष विवाह कायदा १९५४ ची रीत निदान दोघांना पाठ हवी: दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला असला पाहिजे, नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं, नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न व्हावं लागतं, आणि तीन साक्षीदार लागतात. पुष्कळ जोडपी साक्षीदार दोनच घेऊन येतात.

### सदस्याच्या घरी मृत्यू झाला तर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हे सावकाश सांगते.

आधी करायचं: ज्याला नेत्रदान, देहदान किंवा विधीविना निरोप हवा आहे त्याने ते लिहून ठेवावं आणि मुलांना, भावंडांना समोर बसवून सांगावं. नुसतं कार्ड भरून कपाटात ठेवणं उपयोगाचं नाही. प्रत्यक्षात संमती वारसांची लागते. एका मुलाने नाही म्हटलं तर देहदान होत नाही, आणि जबरदस्ती करणं योग्यही नाही.

पहिला तास: डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला. नेत्रदान करायचं असेल तर लगेच नेत्रपेढीला फोन, कारण डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात आणि आपल्याकडे घाटरस्ता, खाडीवरची फेरीबोट आणि पाऊस यांत वेळ जातो. पंखा बंद करा. पापण्या मिटवून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा. डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच करा. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता, म्हणून नेत्रदान अडत नाही. कावीळ-ब, एचआयव्ही, रेबीज अशा आजारांत मात्र घेत नाहीत.

देहदान: रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, चिपळूणजवळ डेरवणलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्यापूर्वी शरीररचना विभागाला फोन करा आणि कोणती कागदपत्रं लागतील ते विचारा. शवविच्छेदन झालेला देह साधारणपणे स्वीकारत नाहीत. अपघाती मृत्यूत हे घरच्यांना आधीच हळुवारपणे सांगा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. ते काम मंडळातल्या एकाने अंगावर घ्यावं.

नंतर: आठवड्याच्या आत आठवणींची सभा, पाऊण तास. घरच्यांनी सांगितलेली चार-पाच माणसंच बोलतील, प्रत्येकी पाच मिनिटं. माणसाबद्दल बोलायचं, विचारसरणीबद्दल नाही. ‘तो रोज पहाटे विहिरीवर गाणं म्हणायचा’ हे पुरतं.

सावधान. घरच्या कोणाला पिंड ठेवायचा असेल तर ठेवू द्या. आमच्यातल्या एकाने एकदा गेलेल्या माणसाच्या भावाशी सुतकाच्या घरात यावरून वाद घातला. त्या भावाचा रडवेला चेहरा मला अजून दिसतो. आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागून आलो. गेलेल्याची इच्छा जपायची ती जिवंत असलेल्यांचं दुःख सांभाळून.

## ८. गावकीचा दबाव आला तर

बहुतेक ठिकाणी येत नाही. आला तर गोंधळून जाऊ नका. रायगड-रत्नागिरीत वाळीत टाकण्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पीडित व्यक्ती किंवा तिच्या घरचे पोलिसांत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करू शकतात.

क्रम असा ठेवा. पहिलं, प्रत्येक घटना तारीख-वेळेसह लिहा: कोणी काय म्हटलं, कोण हजर होतं, दुकानदाराने सामान नाकारलं का, मयतीला कोणी आलं नाही का. दुसरं, गावातल्या समंजस वडीलधाऱ्यांशी बोला. निम्मी प्रकरणं गैरसमजाची असतात. तिसरं, न मिटल्यास तक्रार, आणि त्या माणसाबरोबर निदान तिघांनी पोलीस ठाण्यात जावं. एकटं कधीही पाठवू नका.

भोंदू बाबाचा प्रकार कळला तर स्वतः धाड घालायला जाऊ नका. २०१३ च्या कायद्याखाली पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचे दक्षता अधिकारी नेमलेले असतात. त्यांच्याकडे लेखी माहिती द्या.

## ९. पैसे आणि नोंदणी

पहिल्या वर्षी नोंदणी करू नका. पद आलं की निवडणूक येते, निवडणूक आली की गट पडतात. बैठकीच्या शेवटी डबा फिरवा, ज्याला जमेल तो टाकेल; मोजणं दोघांनी, लिहिणं तिसऱ्याने, आणि पुढच्या बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचायचा. एकाच दात्याच्या पैशावर चालणारी बैठक त्याच्या मनाप्रमाणे वळते. पुढे जागा भाड्याने घ्यायची किंवा देणग्या घ्यायच्या असतील तेव्हा संस्था नोंदणी कायदा १८६० खाली किमान सात सदस्य लागतात.

## १०. सहा महिन्यांनी एक रविवार घरी थांबा

ज्याने बैठक सुरू केली त्याने सातव्या महिन्यात मुद्दाम जायचं नाही. आधी कोणाला सांगायचं नाही की ही परीक्षा आहे. ‘मला काम आहे, तुम्ही बसा’ एवढंच. किल्ली कोणाकडे आहे, फोन कोण करतं, करवंटी कोण घेऊन जातं, हे त्या दिवशी कळतं. बैठक झाली नाही तर कोणावर रागावू नका. कामं कुठे तुमच्या एकट्याच्या हातात अडकली आहेत त्याची यादी करा आणि पुढच्या रविवारी एकेक काम वाटून द्या, मग तीन महिन्यांनी पुन्हा घरी थांबा.

मी थांबले होते तेव्हा पाऊस होता. सहा वाजता ती मच्छी विकणारी पोर छत्री मिटत पागोळीखाली येऊन उभी राहिली. तिच्या पिशवीत करवंटी आणि वही होती. वहीत नऊ नावं होती, त्यातली दोन मी कधी ऐकलेली नव्हती.